सहा व्होल्टची मर्यादा आणि व्हॅटिकन रेडिओचे मनोरे

२००१ च्या मार्चमध्ये इटलीचे पर्यावरणमंत्री विलेर बोर्दोन यांनी एका रेडिओ केंद्राला सरळ इशारा दिला: लहरींची तीव्रता कायद्याच्या मर्यादेत आणा, नाहीतर वीजपुरवठा तोडू. हे केंद्र व्हॅटिकन रेडिओचे होते. ते उभे होते इटलीच्या भूमीवर, पण इटलीचा कायदा तिथे लागू होतो की नाही हेच ठरलेले नव्हते. पंतप्रधान जुलियानो आमातो यांना वीज तोडण्याची भाषा मान्य नव्हती. त्यामुळे एकाच मंत्रिमंडळात दोन सूर निघाले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांना चटपटीत मथळे मिळाले.

मथळ्यांत हे प्रकरण चर्च विरुद्ध सरकार असे रंगले. मला त्यात रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. रेडिओ लहरींच्या संपर्कापासून सामान्य माणसाला सुरक्षित ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, या कामाचे जवळजवळ सगळे पैलू या एका जागेत उघडे पडतात. मर्यादा कोणती मानायची, मोजायचे कसे, आजाराच्या आकडेवारीतून किती निष्कर्ष काढायचा, आणि शेवटी ट्रान्समीटरची शक्ती कमी करा असे सांगण्याचा अधिकार कोणाचा? माझ्या मते या प्रकरणात विज्ञान कुठेच फारसे अडले नाही. घोडे अडले ते शेवटच्या प्रश्नावर.

जागा

रोमच्या मध्यापासून उत्तरेला साधारण वीसेक किलोमीटरवर सांता मारिया दी गालेरिया नावाचा माळरानाचा भाग आहे. १९५१ मध्ये इटली आणि पवित्र पीठ (पोपचे मध्यवर्ती शासन) यांच्यात करार झाला आणि इथली चारशेहून अधिक हेक्टर जमीन प्रसारण केंद्रासाठी मिळाली. खुद्द व्हॅटिकन नगरराज्य ४४ हेक्टरांचे, म्हणजे हे केंद्र त्याच्या नऊ-दहा पट मोठे. करारानुसार या जागेला राज्यक्षेत्रबाह्य दर्जा मिळाला, एखाद्या दूतावासाच्या आवाराला असतो तसा. १९५७ मध्ये पोप पायस बारावे यांच्या हस्ते केंद्र सुरू झाले.

तेव्हा भोवताली शेते होती. खंडोखंडी आवाज पोचवायचा तर अँटेना मोठ्या हव्यात, शक्ती प्रचंड हवी आणि म्हणून जागा मोकळी हवी. त्या हिशेबाने निवड चुकीची नव्हती. पण शहरे वाढतात. पुढच्या चार दशकांत चेझानो, ला स्तोर्ता, ओल्जाता, आंग्विल्लारा या बाजूंना वस्ती दाटत गेली आणि मनोरे घरांच्या खिडक्यांतून दिसू लागले. लोक केंद्राजवळ राहायला गेले हे खरे, पण त्यांना तिथे घरे बांधायची परवानगी कोणीतरी दिलीच होती. ती देताना ‘इथल्या छतावर लहरींची तीव्रता किती असेल’ हा प्रश्न विचारलाच गेला नाही, कारण तेव्हा त्यासाठी मर्यादा घालणारा कायदाच नव्हता. भर म्हणजे त्याच परिसरात इटालियन नौदलाचेही प्रसारण केंद्र होते.

केंद्रातल्या अँटेनांची शक्ती ५ पासून ६०० किलोवॅटपर्यंत होती. एक गट मध्यम लहरींचा, त्यात १५३० किलोहर्ट्झची वाहिनी प्रसिद्ध. दुसरा गट लघुलहरींचा, ४ ते २१ मेगाहर्ट्झच्या दरम्यान. लघुलहरींच्या अँटेना दिशा धरून काम करतात, आणि इथे एक अवाढव्य अँटेना तर फिरवता येणारी आहे. सकाळी एका खंडाकडे, रात्री दुसऱ्याकडे. मध्यम लहरींचे तसे नसते. त्या जमिनीला धरून पसरतात, आणि आजूबाजूच्या वस्तीला त्यांचा सतत संपर्क घडतो.

दोन मर्यादा, एकच घर

१९९८ हे वर्ष इथे महत्त्वाचे. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या मर्यादा जाहीर झाल्या, आणि पुढचा सगळा वाद या दोहोंमधल्या अंतरात घडला.

पहिली मर्यादा आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक आयोगाची. तिचा पाया असा: रेडिओ लहरी शरीरात शिरल्या की ऊतींना उष्णता देतात. संपूर्ण शरीरात दर किलोग्रॅममागे साधारण ४ वॅट इतकी ऊर्जा शोषली गेली, तर शरीराचे तापमान सुमारे एक अंशाने वाढते आणि त्रास सुरू होऊ शकतो. त्याच्या दहाव्या हिश्शावर, ०.४ वॅटवर, कामगारांची मर्यादा ठेवली. सामान्य जनतेत लहान मुले, वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया असे सगळेच येतात, म्हणून तिच्यासाठी आणखी पाचपट खाली, ०.०८ वॅट. एकूण पन्नासपट सावधगिरी. शरीराच्या आत शोषण मोजता येत नाही, म्हणून त्यावरून बाहेरच्या विद्युत क्षेत्राचे आकडे काढले गेले. १५३० किलोहर्ट्झला हा आकडा येतो साधारण ७० व्होल्ट प्रति मीटर. १० मेगाहर्ट्झच्या वर तो २८ होतो, कारण त्या टापूत माणसाचे शरीर स्वतःच अँटेनासारखे वागू लागते आणि अधिक ऊर्जा शोषते.

दुसरी मर्यादा इटलीची. सप्टेंबर १९९८ च्या मंत्रालयीन आदेशाने ३ मेगाहर्ट्झखाली ६० आणि त्यावर ३००० मेगाहर्ट्झपर्यंत २० व्होल्ट प्रति मीटर ही सर्वसाधारण मर्यादा ठरवली. त्याशिवाय, जिथे माणसे दिवसाला चार तास किंवा अधिक राहतात अशा इमारतींसाठी, वारंवारता कोणतीही असो, ६ व्होल्ट प्रति मीटर. घर, शाळा, इस्पितळ सगळे त्यात आले. उष्णतेच्या परिणामांतून हा आकडा निघत नाही. अनेक वर्षांच्या, कमी तीव्रतेच्या संपर्काबद्दल विज्ञानाने अजून शेवटचा शब्द दिलेला नाही, तोवर जपून राहू, असा तो राजकीय आणि सामाजिक निर्णय होता. तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण तो कोणत्या प्रकारचा आकडा आहे हे लोकांना स्पष्ट सांगायला हवे होते, आणि ते फारसे कोणी सांगितले नाही.

आता एखाद्या घराच्या गच्चीत १५३० किलोहर्ट्झला ८ व्होल्ट प्रति मीटर भरले असे समजू. लहरींची ऊर्जा विद्युत क्षेत्राच्या वर्गावर ठरते. आंतरराष्ट्रीय आकड्याच्या तुलनेत ती तिथे सुमारे सत्त्याहत्तरावा भाग असेल. इटलीच्या सहा व्होल्टच्या तुलनेत मात्र पावणेदोन पट अधिक. केंद्राचा माणूस पहिला आकडा हातात धरून ‘आम्ही पूर्ण सुरक्षित आहोत’ म्हणतो, रहिवासी दुसरा धरून ‘कायदा मोडला’ म्हणतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. व्हॅटिकनची भूमिका नेमकी हीच होती: आम्ही आंतरराष्ट्रीय शिफारसी पाळतो. सरकारी मोजमापांत मात्र वस्तीतल्या काही ठिकाणी सहाची रेषा ओलांडलेली सापडत होती.

रेषा कुठे पडते

हे आकडे अंदाजाच्या पलीकडचे नाहीत. साधा उभा मनोरा आणि चांगली जमीन धरली, तर मध्यम लहरींसाठी जुने सूत्र आहे: किलोवॅटमधल्या शक्तीचे वर्गमूळ घ्या, ३०० ने गुणा, किलोमीटरमधल्या अंतराने भागा, उत्तर मिलिव्होल्ट प्रति मीटरमध्ये येते. ६०० किलोवॅट पूर्ण शक्तीने सुरू असतील, तर अर्ध्या किलोमीटरवर साधारण १४.७ व्होल्ट प्रति मीटर, एका किलोमीटरवर ७.३, सव्वा किलोमीटरच्या आसपास ६, आणि तीन किलोमीटरवर २.४. प्रत्यक्ष अँटेना एका बाजूला जास्त जोर देत असेल तर त्या बाजूला रेषा आणखी पुढे सरकते. म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या अभियंत्यालाही १९९९ च्या जानेवारीत, आदेश लागू होताच, सांगता आले असते की पहिल्या एक-दीड किलोमीटरातली घरे तपासायला हवीत.

मग उपाय काय? इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण चर्चेत ती हमखास सुटते. क्षेत्र शक्तीच्या वर्गमुळाने बदलते. शक्ती निम्मी केली तर क्षेत्र निम्मे होत नाही, ते ७१ टक्क्यांवर येते. एक किलोमीटरवरचे ७.३ व्होल्ट ५.२ होतात, एवढ्याने तिथले घर मर्यादेत येते. पण अर्ध्या किलोमीटरवरच्या घरासाठी शक्ती सहाव्या हिश्शावर आणावी लागेल. आणि प्रसारणाचे तास निम्मे केले तर? सहा व्होल्टच्या हिशेबात काहीच फरक पडत नव्हता. मोजताना घेतली जाणारी सरासरी तेव्हा सहा मिनिटांची असे, दिवसाची नव्हे. ट्रान्समीटर दिवसातून सहा तास चालला काय किंवा अठरा तास चालला काय, चालू असताना मीटर तोच आकडा दाखवणार होता. तास कमी केल्याने रहिवाशाला दिवसभरात मिळणारी एकूण ऊर्जा घटते, याचे मोल आहेच. पण त्याने तेव्हाच्या कायद्याची पूर्तता होत नव्हती. वाटाघाटीत बसणाऱ्या प्रत्येकाला हा फरक माहीत असायला हवा होता.

मोजणे

अशा जागी मोजमाप करणे हे फोनवर ॲप उघडण्याइतके सोपे नाही. एका केंद्रातून एकाच वेळी अनेक वारंवारता निघत असतात. त्यांची बेरीज सरळ होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते. चार ट्रान्समीटर प्रत्येकी ४ व्होल्ट देत असतील तर एकत्र ८ होतात. प्रत्येकाला वेगळे विचारले तर प्रत्येक जण ‘मी मर्यादेत आहे’ म्हणेल, आणि घर मात्र मर्यादेबाहेर असेल. शेजारी नौदलाचेही केंद्र असताना हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. कोणाची शक्ती किती कमी करायची हे ठरवायला सगळ्या वारंवारतांना एकदम पकडणारा साधा मीटर पुरत नाही. कोणत्या वारंवारतेचा वाटा किती, हे वेगळे करून दाखवणारे उपकरण लागते.

दुसरी अडचण वेळेची. लघुलहरींचे वेळापत्रक तासागणिक आणि ऋतूगणिक बदलते, अँटेनांची दिशाही बदलते. सकाळी अकराला येऊन दहा मिनिटांत काढलेला आकडा रात्री नऊबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून मोजणाऱ्याच्या हातात त्या दिवसाचे प्रसारणाचे वेळापत्रक आणि प्रत्येक ट्रान्समीटरची चालू शक्ती असायलाच हवी. ती माहिती केंद्राकडेच असते. केंद्र राज्यक्षेत्रबाह्य असेल तर ती मागायची कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न इथे वर्षानुवर्षे घोंगडे भिजत ठेवून गेला.

तिसरी बारीक पण महत्त्वाची गोष्ट आवाजाची. मध्यम लहरींवर आवाज पाठवताना लहरीची उंची कमी-जास्त होते आणि सरासरी शक्ती वाढते, पूर्ण मॉड्युलेशनच्या टोकाला दीडपटीपर्यंत. शांततेच्या क्षणी ५ व्होल्ट असलेले क्षेत्र त्या टोकाला ६.१ होऊ शकते. मर्यादेच्या अगदी काठावर असलेल्या घरासाठी हा फरक निकाल फिरवणारा ठरतो.

आणि मीटर कुठे धरायचा? गच्चीचे लोखंडी कठडे, पन्हाळी, खिडक्यांचे गज हे सगळे १९६ मीटर लांबीच्या लहरीला लहान वाटले तरी तिच्या क्षेत्राला वाकवतात. कठड्याजवळ आकडा चढतो, खोलीच्या मध्यात उतरतो. मोजणाऱ्याचे स्वतःचे शरीरही क्षेत्र बिघडवते, म्हणून मीटर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या तिवईवर ठेवून दूर उभे राहतात. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे प्रमाण मनोऱ्याच्या अगदी जवळ नेहमीसारखे राहत नाही, तिथे दोन्ही वेगवेगळी मोजावी लागतात. इटलीच्या आदेशात सहा व्होल्टच्या जोडीला चुंबकीय क्षेत्राची ०.०१६ अँपिअर प्रति मीटर ही मर्यादा वेगळी दिलेली होती ती यासाठीच.

रहिवाशांचा मीटर मात्र वेगळाच होता. त्यांना इंटरकॉममधून, टेलिफोनमधून व्हॅटिकन रेडिओ ऐकू यायचा. यात गूढ काही नाही. लांब तार अँटेनासारखी वागते, आतले इलेक्ट्रॉनिक भाग त्या लहरीतून आवाज वेगळा काढतात, आणि दारावरच्या घंटेच्या डब्यातून प्रार्थना ऐकू येते. आरोग्याच्या मर्यादेशी या गोष्टीचा थेट संबंध नाही. मर्यादेच्या कितीतरी खालीही असे घडू शकते. पण ज्या आईच्या घरी टेलिफोन असा बोलतो, तिला ‘इथे काही नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? लहरी घरात शिरताहेत हे तिला रोज ऐकू येत होते. फिल्टर बसवून देणे, तारा झाकून देणे ही कामे किरकोळ खर्चाची आहेत. केंद्र चालवणाऱ्याने ती पहिल्या तक्रारीलाच, न कुरकुरता करावीत असे माझे ठाम मत आहे. विश्वासाला पहिला तडा इथे जातो.

आठ मुले

प्रकरणाचा सगळ्यात दुखरा भाग मुलांच्या ल्युकेमियाचा. या भागात रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आहे अशी भीती पसरली होती. पाओला मिकेलोत्सी आणि सहकाऱ्यांनी केंद्राभोवतीच्या दहा किलोमीटरच्या परिघातल्या ४९,६५६ लोकांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजीत आला. १९८७ ते १९९९ या काळात मुलांमध्ये ल्युकेमियाच्या आठ घटना. केंद्रापासून सहा किलोमीटरच्या आत अपेक्षेच्या २.२ पट, आणि केंद्रापासून दूर जावे तसा धोका उतरत गेलेला.

वर्तमानपत्रांनी २.२ उचलला. पण अभ्यासात त्याच्याच शेजारी आणखी दोन आकडे होते: १.० आणि ४.१. ही ९५ टक्के विश्वासमर्यादा. सोप्या शब्दांत, खरे प्रमाण अपेक्षेइतकेच असू शकते किंवा चौपटही असू शकते, हाती असलेल्या घटनांवरून याहून नेमके सांगता येत नाही. आठ ही संख्या आकडेशास्त्रासाठी फार लहान आहे. एखाद-दुसऱ्या कुटुंबाने घर बदलले असते तरी निष्कर्ष हलला असता. शिवाय कोणत्या मुलाच्या घरी क्षेत्र किती होते याचे मोजमाप अभ्यासात नव्हते. त्याऐवजी केंद्रापासूनचे अंतर धरले होते. या दोन्ही उणिवा खुद्द लेखकांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या आहेत.

दिशादर्शी अँटेनांच्या जगात अंतर हा फसवा मापदंड आहे. एका दिशेला दोन किलोमीटरवर जे क्षेत्र असते ते दुसऱ्या दिशेला अर्ध्या किलोमीटरवरही नसेल. म्हणून पुढे जर्मनीत झालेला अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो. तिथे १६ मध्यम लहरींच्या आणि ८ एफएम व दूरदर्शनच्या केंद्रांभोवतीच्या ल्युकेमियाच्या १,९५९ बालरुग्णांची तुलना निरोगी मुलांशी केली गेली, आणि प्रत्येकाच्या घरचे क्षेत्र गणिताने काढले गेले. २००८ मध्ये आलेल्या निकालात जास्त क्षेत्रातल्या मुलांना जास्त धोका आढळला नाही. धोक्याचे गुणोत्तर ०.८६ (१ म्हणजे काहीच फरक नाही), विश्वासमर्यादा ०.६७ ते १.११.

याचा अर्थ चेझानोच्या पालकांची भीती खोटी होती असा होत नाही. मूल आजारी पडले की आई-बाप कारण शोधतातच, आणि समोर उभा मनोरा हे सगळ्यात ठळक दिसणारे कारण असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २-ब गटात टाकले. मोबाईल वापरणाऱ्यांच्या अभ्यासांतला मर्यादित पुरावा हा त्याचा मुख्य आधार होता. त्यावरून सांता मारियाच्या मुलांबद्दल थेट काहीच सिद्ध होत नाही, आणि शंकाही पुरती मिटत नाही. २०१० मध्ये इटालियन न्यायालयाच्या चौकशीसाठी झालेल्या एका तज्ज्ञ अहवालाने केंद्राच्या आसपास राहणे आणि मुलांचे आजार यांत संबंध दिसतो असे म्हटले. व्हॅटिकन रेडिओने तो निष्कर्ष साफ नाकारला.

माझे म्हणणे एवढेच आहे: घरात सहाची रेषा ओलांडली गेली आहे की नाही, हा प्रश्न आठ मुलांच्या आकडेवारीवर टांगून ठेवण्याची गरजच नव्हती. मर्यादा पाळायची असते ती आजार सिद्ध झाल्यावर नव्हे. ‘आधी नुकसान दाखवा’ असा पवित्रा घेतला की रहिवाशांना आपल्याच मुलांचे आजारपण पुरावा म्हणून मांडावे लागते, आणि याइतकी निर्दय गोष्ट दुसरी नाही.

अधिकार कोणाचा

फौजदारी खटला भरला गेला तो कोणत्या कलमाखाली हे पाहण्यासारखे आहे. इटलीच्या दंडसंहितेचे ६७४ वे कलम, लोकांना उपद्रव होईल अशा रीतीने वस्तू फेकण्याबद्दलचे. खिडकीतून घाण पाणी किंवा कचरा फेकणाऱ्यासाठी केलेले कलम विद्युतचुंबकीय लहरींना लावले गेले, कारण नेमके बसेल असे दुसरे काही हाताशी नव्हते.

२००२ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने हात वर केले: इटली आणि पवित्र पीठ यांच्यातल्या १९२९ च्या लॅटरन करारानुसार चर्चच्या मध्यवर्ती संस्थांमध्ये इटलीने ढवळाढवळ करायची नाही. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवले. मे २००५ मध्ये केंद्राचे दोन वरिष्ठ, कार्डिनल रोबेर्तो तुच्ची आणि फादर पास्क्वाले बोर्गोमेओ, दोषी ठरले. शिक्षा दहा दिवसांची, तीही स्थगित. २००७ मध्ये अपिलात दोघे सुटले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून प्रकरण परत पाठवले. पुढे मुदत उलटल्याने फौजदारी बाजू संपली आणि भरपाईचा प्रश्न २०११ पर्यंत रेंगाळला. बोर्गोमेओ त्याआधीच, २००९ मध्ये, वारले होते.

या दहा वर्षांत न्यायालयाच्या कोणत्याही निकालाने कोणाच्या घरातले एक व्होल्टही कमी झाले नाही. कमी झाले ते २००१ मध्येच, मंत्र्याच्या इशाऱ्यानंतरच्या काही आठवड्यांत. व्हॅटिकनने मध्यम लहरींवरच्या प्रसारणात कपात केली, दोन्ही बाजूंचा संयुक्त आयोग बसला, आणि आता आपण इटलीच्या मर्यादेत आहोत अशी भूमिका केंद्राने तेव्हापासून सातत्याने घेतली. तांत्रिक काम आठवड्यांचे होते. आदेश लागू झाल्यापासून तिथवर पोचायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला, तो केवळ ‘आम्हाला सांगणारे तुम्ही कोण’ या प्रश्नात.

म्हणून अशा जागांसाठी मी एकच गोष्ट सगळ्यात आधी मागेन: मर्यादा ओलांडली गेली तर अमुक इतक्या दिवसांत शक्ती उतरवायची, आणि ते कोण उतरवणार, हे ट्रान्समीटर सुरू होण्याआधी लिहून ठेवलेले असावे. सीमेवरची केंद्रे, लष्करी रडार, दूतावास, एकाच छतावर चार कंपन्यांच्या अँटेना, सगळीकडे हाच पेच असतो. करारात प्रसारणाचा हक्क लिहिलेला असतो, प्रक्षेपण कमी करण्याचे कर्तव्य मात्र क्वचितच कुठे दिसते. त्याच्या जोडीला दोन कामे. पहिले, सगळ्यात जास्त क्षेत्र असलेल्या घरांवर कायमचे मोजयंत्र, त्याचे आकडे रहिवाशांना रोज पाहता येतील असे. दुसरे, मनोऱ्याभोवतीच्या जमिनीवर बांधकामाची परवानगी देताना त्या उंचीवरचे क्षेत्र काढून पाहणे बंधनकारक करणे. पाचव्या मजल्याची खिडकी अँटेनाच्या मुख्य झोतात येऊ शकते, जिथे तळमजल्याला काहीच जाणवत नाही.

पुढचे

१ जुलै २०१२ पासून व्हॅटिकन रेडिओने युरोप आणि अमेरिका खंडांसाठीचे बहुतेक मध्यम व लघुलहरी प्रसारण बंद केले. कारण दिले ते बदलत्या तंत्रज्ञानाचे: उपग्रह आणि इंटरनेट. आफ्रिका आणि आशियासाठी लघुलहरी चालू राहिल्या. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच माळरानावर शेतीच्या जोडीने सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचा आदेश काढला.

इटलीची सहा व्होल्टची रेषा मात्र आता तिथे राहिलेली नाही. ५जीच्या जाळ्यासाठी जागा हवी म्हणून एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून ती १५ व्होल्ट प्रति मीटर झाली. क्षेत्र अडीच पट, म्हणजे ऊर्जेत सव्वासहा पट वाढ. आंतरराष्ट्रीय आकड्यांच्या ती अजूनही खालीच आहे. सरासरीही आता सहा मिनिटांऐवजी चोवीस तासांची धरली जाते. म्हणजे तास कमी करणे, जे २००१ मध्ये मोजणीत काहीच बदलत नव्हते, ते आता आकड्यात दिसेल. आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी खिडकीपाशी नेमके किती होते हे जाणून घ्यायचे असेल, तर ते वेगळे मागावे लागेल.